उबुंटू गेलं कुठे?

घरातल्या एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) या दोन्ही प्रणाली नांदू शकतात. पण एखाद्या दिवशी थेट विंडोजच उघडतं, उबुंटू दिसतच नाही. घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका! फायली बहुधा जागेवरच असतात. संगणक सुरू होताना वाट दाखवणारा ‘ग्रब’ तेवढा मागे पडलेला असतो. बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात उबुंटू वर आणा. बरेचदा एवढ्यानेच भागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स ‘सिक्युअर बूट’ या सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीपाशी अडलं होतं. उलट विंडोजच दिसत नसेल, तर उबुंटूत ग्रबच्या सेटिंगमध्ये इतर प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. आणि हात लावण्याआधी, उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून महत्त्वाच्या फायलींची प्रत नक्की काढून ठेवा.