खणातील कार्डे आणि घराचा इतिहास



इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे जमविली आणि त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध झाले. माळ्यावर पडलेल्या त्या कागदांना वाळवी लागलेली असे. पण अर्धा खाल्लेला कागदही उरलेल्या अर्ध्यातून काही सांगत असे. आजच्या कुटुंबाचे दप्तर मात्र नखाएवढ्या मेमरी कार्डात असते आणि ते अनेकदा कोणतीही पूर्वसूचना न देता समूळ नष्ट होते.

२००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला. मुंजी, विवाह, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, वाड्यातील शेवटचा गणेशोत्सव, सारे कार्डात साठले. फोटो छापून घेण्याची सवय सुटली आणि कार्डे कपाटाच्या खणात विसावली. ती तेथे सुरक्षित आहेत, ही समजूतच घातक आहे. टोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश तंत्रात माहिती सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने राहते. वर्षानुवर्षे हा भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत त्याची गती वाढते. म्हणून कार्ड ही छायाचित्रांची धर्मशाळा आहे, घर नव्हे.

त्यांना घरी आणण्याचे साधन अत्यंत साधे आहे. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर रुंद असते, तर एसडी कार्डाची खाच ३२ बाय २४ मिलिमीटरच्या कार्डासाठी घडविलेली असते. हे अंतर अॅडॅप्टर भरून काढतो. त्याच्या पोटात गुंतागुंतीचे यंत्र नाही. लहान कार्डाचे संपर्कबिंदू मोठ्या कार्डाच्या जागी नेणाऱ्या केवळ तारा आहेत. त्याच्या कडेला एक छोटी कळ असते. ती ‘लॉक’च्या बाजूस सरकविली की संगणक सर्वसाधारणपणे कार्डावर काही लिहीत नाही वा पुसत नाही, पण वाचू मात्र शकतो. जुने कार्ड उघडताना कळ त्याच स्थितीत ठेवणे शहाणपणाचे.

लॅपटॉपला खाच नसेल, तर यूएसबीला जोडावयाचा कार्डरीडर पुरतो. येथे एक गैरसमज टाळावा. मूळ एसडी कार्डे २ जीबीपर्यंतची होती. २००६ मध्ये ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आणि २००९ मध्ये त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डे आली. नवा रीडर जुनी कार्डे वाचतो, जुना रीडर नवी कार्डे ओळखत नाही. दोष रीडरचा असताना कार्ड निकामी ठरवून फेकले जाते. सोनीची मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस व फुजीफिल्मचे एक्सडी कार्ड यांची तर घडणच निराळी. त्यांना त्यांचाच रीडर लागतो.

कार्ड जोडल्यावर ‘फॉरमॅट करावे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर उत्तर ‘नाही’ हेच द्यावे. छायाचित्रे बहुधा ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. ती ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावीत, काही उघडून पाहावीत आणि मगच कार्ड रीतसर बाहेर काढावे. एवढ्यावर थांबू नये. लॅपटॉपही बिघडतो, चोरीस जातो. दुसरी प्रत बाह्य हार्डडिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या आप्तांकडे असावी.

अखेरचे काम मात्र कोणतेही यंत्र करू शकत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ अनेकदा चुकीचे असते; त्यामुळे छायाचित्रावरील तारखेवर विसंबता येत नाही. नातवंडांनी लॅपटॉप आजीपुढे ठेवावा, प्रत्येक प्रसंगाचे वर्ष, गाव आणि माणसांची नावे विचारावीत व त्याप्रमाणे फोल्डरला नावे द्यावीत. कोणती आत्या कोठे उभी आहे, मागे दिसणारे घर कोणाचे, हे सांगणारी पिढी आज घरात आहे. कार्ड निकामी होण्यापूर्वी आणि ही माणसे घरात असतानाच हे काम व्हावयास हवे. येत्या रविवारची एक दुपार त्यासाठी पुरेशी आहे.