मुलांच्या भयकथांतील आई-बाप



असली पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. तेव्हा त्या पुस्तकांत असते तरी काय, ते आधी पाहू.

आर. एल. स्टाइन या अमेरिकन लेखकाची ‘गूसबम्प्स’ ही माला १९९२ साली सुरू झाली आणि १९९७ पर्यंत तिची ६२ पुस्तके निघाली. पहिल्याच पुस्तकात बिऱ्हाड नव्या गावी जाते. घर जुने, कुत्रा भुंकतो, मुलांना कोणीतरी दिसते, आणि आई-बाप म्हणतात, जागा नवी आहे, भास होतात! प्रकरणाच्या शेवटी किंकाळी, आणि पान उलटावे तो धाकट्या भावाने केलेली थट्टा, हाही नेहमीचाच प्रकार. तो आम्हाला स्वस्त वाटतो. पण मुलांना आवडतो खरा.

मोठी माणसे विश्वास ठेवीत नाहीत, ही मात्र युक्ती नव्हे. आई-बापांनी पहिल्याच हाकेला धाव घेतली तर कथाच संपेल, हे खरे. परंतु मुलाचा रोजचा अनुभवही तोच असतो. याहून खोल जाणारी भीती म्हणजे आपलेच माणूस परके होण्याची. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडा असे सुचविणारी त्यांची सख्खी आई होती. १८४० मध्ये ती सावत्र झाली. सख्ख्या आईची कल्पना सोसवेना, दुसरे काय! नील गेमनच्या ‘कोरालाइन’मध्ये (२००२) दाराआड दुसरी आई भेटते. ती लाड करते, सुग्रास जेवण वाढते. मात्र तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत.

स्टाइनच्या तळघराच्या कथेत वडील वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. आई बहिणीकडे परगावी गेलेली. वडील तळघरात कोंडून घेतात, मुलांना खाली येऊ देत नाहीत. त्यांची जागा एका झाडाने घेतलेली असते. अखेर खरे वडील सापडतात, घर पूर्ववत होते. मग एके दिवशी मुलगी बागेत उभी असता एक फूल कुजबुजते की, तुझा खरा बाप मी आहे. पुस्तक तेथेच संपते. मुलगी काय करते, ते लेखक सांगत नाही.