चष्म्यातले जग आणि मुलांची स्वप्ने

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात ‘विज्ञान आणि आपले घर’ या विषयावर मी बोलावे, अशी कार्यवाहांची सूचना होती. विषय फार मोठा आहे. मी मात्र त्यातला एक लहानसा कोपरा घेणार आहे. याचे कारण असे की, हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरात, चहाचा कप हातात असताना तो माझ्यासमोर उभा राहिला.

त्या घरातला मुलगा सहावीत आहे. सुट्टीत तो मोठ्या चुलतभावाबरोबर मॉलमध्ये गेला. तेथे डोळ्यांवर डब्यासारखे यंत्र बांधून एक खेळ खेळवतात. आपण उंच इमारतीच्या टोकाला उभे आहोत असे दिसते आणि पुढे एक अरुंद फळी असते. तिच्यावरून चालायचे. खेळ पाच-सात मिनिटांचा. मुलगा हसत हसत घरी आला. त्या रात्री मात्र तो ओरडत उठला. पुढच्या तीन-चार रात्रीही तेच झाले. नानी म्हणाली, “पोराला नजर लागली, दम करून आणा.” अब्बा म्हणाले, “शाळेला दांडी मारायची नाटके आहेत.” आठवड्याने मुलगा सांगू लागला की, “मी तिथे खरंच पडलो होतो, माझ्या पायाला लागलं होतं.” चुलतभाऊ म्हणाला, असे काहीच घडले नाही. झाले! अब्बांनी खोटे बोलतो म्हणून एक थप्पड दिली.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. मला बोलावणे आले. “सर, याला जरा समजवा.” खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाच काही समजले नव्हते. पुढे जे वाचले, ज्याची खात्री करून घेतली, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. याला ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणतात. मराठीत ‘आभासी वास्तव’. यामागची मूळ युक्ती जुनी आहे. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून सपाट कागदातून खोली निर्माण करून दाखविली. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसणारा पडदा तयार केला. आपण मान वळवली की त्यातले चित्रही तसेच वळे. पुढे २०१२ नंतर हे यंत्र स्वस्त आणि हलके झाले आणि आता ते बाजारात पोहोचले आहे.

मान वळवताच चित्रही वळते, हीच यातली खरी मेख आहे. सिनेमागृहात मान फिरवली तर शेजारचा माणूस दिसतो, वर दाराचा दिवा दिसतो, आणि आपण सिनेमात आहोत याची आठवण राहते. या यंत्रात कोठेही पाहा, तेच जग. सुटका फक्त डोळे मिटल्यावर.

अकराव्या शतकात बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांनी मांडले, हे पाठ्यपुस्तकात असते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फारशी कोणी शिकवीत नाही. पाहण्याचे बरेचसे काम डोळा करीत नाही, मन करते. मन इतक्या चटकन अनुमान काढते की आपण अनुमान काढले हेच आपल्या लक्षात येत नाही. आजचे हे यंत्र नेमके त्याच जागी बोट ठेवते. ‘हे खोटे आहे’ हे बुद्धीला ठाऊक असते, पण त्याआधीच अनुमान निघालेले असते, तळहात घामेजलेले असतात आणि गुडघे लटपटू लागलेले असतात.

आता कोणी म्हणेल, चित्रांनी माणसे भारावली हे काही नवे नाही. अगदी खरे. आपले पुणे तर चित्रांचेच गाव. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून येथे आली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. १९८४ मध्ये ‘माय डियर कुट्टिचातन’ हा भारतातला पहिला थ्री-डी चित्रपट मल्याळम भाषेत निघाला. हिंदीत तो ‘छोटा चेतन’ म्हणून आला, तेव्हा अंगावर येणाऱ्या वस्तूंना पकडायला हात पुढे करणारी मुले तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. कदाचित तुम्हीच ती मुले असाल!

पण ही चित्रे रात्री झोपेतही येतात काय? याचा एक मजेदार पुरावा टेलिव्हिजनने दिला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला सहक्षेपण केंद्र मिळाले. सिंहगडावरचा मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. माझ्या लहानपणी वाड्यात एकाच घरी संच होता आणि त्याच्यापुढे सारा वाडा बसे. चित्र अर्थातच कृष्णधवल. रंग आला १९८२ मध्ये. आता हे ऐका. २००८ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात इव्हा मुर्झिन यांनी लोकांना त्यांच्या स्वप्नांचा रंग विचारला. ज्यांनी बालपणी फक्त कृष्णधवल चित्रे पाहिली होती, अशा पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या स्वप्नांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णधवल निघाला. पंचविशीच्या आतल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत होते. बाहेरचे जग दोघांनाही रंगीतच दिसत होते. फरक होता तो लहानपणी पाहिलेल्या पडद्याचा. याचा अर्थ, बालपणीचा पडदा म्हातारपणच्या झोपेपर्यंत सोबत करू शकतो.

झोपेत मेंदू काय करतो? १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखविले की, झोपेत ठराविक वेळाने बंद पापण्यांमागे डोळे वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. दिवसभराचा अनुभव मेंदू झोपेत पुन्हा उलगडतो, जुन्या आठवणींशी जोडतो, काही ठेवतो आणि काही टाकतो. दुकानदार रात्री गल्ल्याचा हिशेब करतो, तसेच काहीसे.

२००० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही जणांना ‘टेट्रिस’ हा ठोकळ्यांचा खेळ काही दिवस खेळावयास दिला. झोप लागताना त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. आश्चर्य म्हणजे, स्मृती गेलेल्या रुग्णांनाही ते दिसले. आपण खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हते, पण ठोकळे दिसत होते! साध्या सपाट खेळाची ही गोष्ट. २०२० मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलच्या टोरे नील्सन यांच्या प्रयोगशाळेने लोकांना चष्मा लावून आभासी जगात उडावयास लावले आणि मग झोपू दिले. त्यांच्यात उडण्याची स्वप्ने वाढलेली आढळली, त्या डुलकीतही आणि पुढच्या रात्रीही. उडणाऱ्याला जर उडण्याची स्वप्ने पडतात, तर फळीवरून चालणाऱ्या मुलाला कसली पडतील, हे वेगळे सांगावयास नको.

येथवर भीतीचे झाले. पण ‘मी खरंच पडलो’ याचे काय? मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा प्रयोग हा आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी लहान मुलांना आभासी जगात त्यांचीच प्रतिमा देवमाशांबरोबर पोहताना दाखविली. पाच दिवसांनी विचारले, तेव्हा प्राथमिक शाळेतील कित्येक मुले ‘हो, मी माशांबरोबर पोहलो होतो’ असे सांगू लागली. ती मुले खोटे बोलत नव्हती. त्यांच्या मनात ती आठवणच तयार झाली होती. प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मुलांना केवळ तशी कल्पना करावयास सांगितले होते, त्यांच्यातही अशा खोट्या आठवणी तयार झाल्या. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नाही. लहान वयात कल्पना आणि आठवण यांच्यामधली भिंतच पातळ असते. यंत्र तिला धक्का देते इतकेच.

पालकहो, म्हणूनच माझी पहिली विनंती ही आहे की, अशा मुलाला ‘खोटारडा’ म्हणू नका. खोटे बोलणे म्हणजे ठाऊक असून वेगळे सांगणे. या मुलाला जे ठाऊक होते, तेच तो सांगत होता. त्याला थप्पड मिळाली, ती खरे बोलल्याबद्दल.

याचा अर्थ हे यंत्र वाईट आहे, असा मात्र काढू नका. ज्या शक्तीने भीती बसते, त्याच शक्तीने ती उठवताही येते. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीला घाबरणाऱ्या लोकांना आभासी पुलांवर आणि गच्च्यांवर थोडे थोडे नेऊन त्यांची भीती कमी करून दाखविली. सिॲटल येथे हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे एक आभासी जग तयार केले. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकीत असतो आणि त्याला वेदना कमी जाणवते. सुरी भाजी चिरते आणि बोटही चिरते. आपण मुलाच्या हाती सुरी देतो, पण कोणत्या वयात, आणि जवळ कोण उभे असते, हे पाहतोच की नाही?

तेव्हा घरात काय करावे? फार अवघड काही नाही. यंत्रावरची वयाची सूचना वाचा. सोनी कंपनीने आपला चष्मा बारा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे सांगितले आहे. मेटा कंपनीची मर्यादा तेरा वर्षांची होती. २०२३ पासून दहा वर्षांवरील मुलांना पालकांच्या देखरेखीखालील खात्याने परवानगी मिळते. मुलाने खेळण्याआधी तो खेळ स्वतः एकदा पाहा. वेळ थोडा ठेवा. निजण्याच्या आधी तर नकोच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. रमजानमध्ये सहरीसाठी उठणाऱ्या घरांत ती आधीच तुटते, तेव्हा त्या दिवसांत अधिक जपा. आणि खेळ झाल्यावर मुलाला विचारा, “काय पाहिलेस? कोठे भीती वाटली?” जे दिवसा बोलून होते, ते रात्री एकटे भेटत नाही.

भयस्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर एक उपाय मानसोपचारतज्ज्ञ वापरतात, तो घरीही करून पाहता येतो. दिवसा, उजेडात, मुलाला ते स्वप्न सांगू द्यावे आणि त्याचा शेवट त्यालाच बदलावयास सांगावे. रोज थोडा वेळ तो नवा शेवट मनात घोळवावा. नानीच्या दुआला माझी हरकत नाही. ज्या हाताने ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते, त्या हाताने त्याला धीर येतोच. मात्र महिनाभर झोप लागत नसेल, मूल दिवसाही घाबरत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये आणि लाजही बाळगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या हे खेळ तयार करण्याच्या व्यवसायात जातील. जरूर जा. आपण जे तयार करू ते कोणाच्या तरी झोपेत जाणार आहे, एवढे मात्र लक्षात ठेवा.

शेवटी त्या मुलाचे सांगून थांबतो. त्याला मी स्वप्नाचे चित्र काढावयास सांगितले. पहिल्या चित्रात फळी होती आणि खाली काळोख. दोन दिवसांनी त्याने फळी रुंद केली आणि पलीकडच्या टोकाला नानी उभी केली, हातात खिरीचा वाडगा घेऊन. पण मला वाटते, मुलगा बरा झाला तो चित्रामुळे नव्हे. एका रविवारी त्याचे अब्बा कोणाला न सांगता त्याच मॉलमध्ये गेले, पैसे भरले आणि ते यंत्र डोळ्यांवर चढवून घेतले. फळीवर त्यांना दोन पावलेही टाकता आली नाहीत. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मुलाला जवळ घेतले आणि म्हणाले, “बेटा, मीसुद्धा पडलो असतो.”

त्या रात्री मुलगा शांत झोपला, असे त्याच्या अम्मीने मला सांगितले. अब्बांना मात्र दोन रात्री झोप लागली नाही, असेही ती हसत म्हणाली.