चान्यांचं गाडगं

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटात आम्ही जुन्या, काटकसरीच्या पदार्थांची यादी करायला बसलो. शेंगोळे, कण्या, अंबाडीची भाजी, भराभर नावं आली. कोपऱ्यातल्या एक आजी मात्र गप्प. शेवटी म्हणाल्या, "आमचं सांगितलं तर चालंल का?" आमच्याच माना खाली गेल्या.

त्यांनी सांगितल्या त्या चान्या. पूर्वी त्यांच्या वस्तीत मोठ्याचं मटण वाट्यानं यायचं. एका दिवसात ते संपायचं नाही, आणि फ्रीज कुठला? मग उरलेल्याच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळून कडक उन्हात दोरीवर टाकायच्या. चरबी आधी काढायची, नाहीतर खवट वास येतो. ती कढवून तेलाच्या जागी वापरायची. कावळे-कुत्री हाकायला पोरं बसवायची, रात्री सगळं घरात. लाकडासारख्या कडक झाल्या की गाडग्यात भरायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की मूठभर चान्या निखाऱ्यावर भाजून, ठेचून तुरीच्या डाळीत शिजवायच्या. तेवढ्यात अख्खं घर जेवायचं.

२०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आली, आजींचं गाडगं रिकामं झालं. म्हणून ही कृती करून बघा असं आम्ही म्हणत नाही. यादीत ती असावी, एवढंच. बकऱ्याच्या मटणाच्याही चान्या होतात म्हणे, पण एवढं महागाचं मटण वाळत घालायला जीव होतो का?

पुढच्या बैठकीत आजी वजडी सांगणार आहेत. या वेळी त्यांना कोपऱ्यात बसू द्यायचं नाही, असं आमचं ठरलंय.