वेशीवरचा राखीव पहारा



भ्रमणध्वनी हाती धरणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी कळतात: संभाषण झाले किंवा झाले नाही, चित्र उमटले किंवा उमटले नाही. परंतु त्याच्या हातातील यंत्र आणि दूरसंचाराचे जाळे यांच्यात आणखी एक बोलणे सतत चालू असते. यंत्र आपला ठावठिकाणा कळवते, वाट मागते, काम संपताच वाट सोडते. या बोलण्याला संकेतन म्हणतात. वाहून नेल्या जाणाऱ्या मजकुराच्या मानाने त्याचा आकार अगदी लहान. पण ते अडले, तर मजकुराची वाहतूक सुरूच होऊ शकत नाही. म्हणूनच संकेतनासाठी यंत्रात स्वतंत्र जागा राखावी की काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला, तरी त्याचा संबंध सर्वांशीच पोचतो.

या प्रश्नाला इतिहास आहे. जुन्या दूरध्वनीपद्धतीत संभाषण आणि संकेत एकाच मार्गाने जात. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मार्गांवर २६०० हर्ट्झचा स्वर ही मार्ग रिकामा असल्याची खूण मानली जाई. तोच स्वर एखाद्या ग्राहकाने आपल्या बाजूने काढला की यंत्रणा फसे, आणि फुकट दूरध्वनी करू पाहणाऱ्यांनी या उणिवेचा लाभ घेतला. दुसरा तोटा याहून मोठा होता. पलीकडचा दूरध्वनी व्यग्र आहे, एवढेच कळण्यासाठीदेखील संभाषणाचा संपूर्ण मार्ग अडवून धरावा लागे. १९७६ साली मॅडिसन आणि शिकागो यांच्या दरम्यान संकेतांना स्वतंत्र मार्ग देण्यात आला. पुढे १९८० साली ‘सातव्या क्रमांकाची’ म्हणून ओळखली जाणारी संकेतनपद्धती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

अशा रीतीने बाहेरचे मार्ग वेगळे झाले. यंत्राच्या पोटात मात्र दोन्ही कामे पुन्हा एकाच छपराखाली आली. भ्रमणध्वनीचे जाळे आणि इंटरनेट यांच्या सीमेवर जे यंत्र उभे असते, त्याला गेटवे म्हणतात. आपल्या भाषेत ती गावाची वेसच होय. येथे प्रत्येक ग्राहकाला पत्ता दिला जातो, त्याला परवानगी आहे की नाही हे विचारले जाते, आकारणीची नोंद उघडली जाते आणि मग त्याचा मजकूर आतबाहेर करू लागतो. वेशीवरच्या पहारेकऱ्यालाच गाड्यांतील पोती उचलावयास लावले, तर जत्रेच्या दिवशी काय होईल, हे सांगावयास नको.

मोठा गेटवे म्हणजे एक कपाट असते आणि त्यात अनेक कार्डे बसविलेली असतात. काम करणाऱ्या प्रत्येक कार्डावर स्वतःचे प्रक्रियक आणि स्मृती असते. २००९ मध्ये सिस्को कंपनीने विकत घेण्याचे ठरविलेल्या स्टॅरेंट कंपनीच्या गेटवेचे, म्हणजेच पुढे एएसआर ५००० या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्राचे, उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यात दोन प्रकारचे कामकरी असतात. पहिल्या प्रकारचे ग्राहकांची चालू सत्रे सांभाळतात आणि त्यांचा मजकूर वाहतात. दुसरे वाटपी होत. नव्या सत्राचा पहिला संदेश हे वाटपी घेतात आणि तो कोणत्या सत्रपालाकडे सोपवावा, हे ठरवितात. एरवी हे दोघे एकाच कार्डावर नांदू शकतात. परंतु चालकाने तशी आज्ञा दिली, तर एक कार्ड केवळ वाटपासाठी राखले जाते आणि त्यावर सत्रपालांना जागा मिळत नाही.

याची किंमत मोजावी लागते. राखलेल्या कार्डावर जेवढी सत्रे मावली असती, तेवढी क्षमता कमी होते. शांत वेळी ते कार्ड जवळजवळ रिकामे दिसते, आणि हिशेबनिसाला ती उधळपट्टी वाटते. म्हणून निर्णय मजकुराच्या एकूण आकारावरून न घेता, दर सेकंदाला किती नव्या मागण्या दारावर येतात, यावरून घ्यावयास हवा. स्मार्टफोन आल्यापासून हा भेद फार तीव्र झाला. वीज वाचविण्यासाठी फोन थोड्याच वेळात निजतो आणि चार अक्षरांच्या निरोपासाठी पुन्हा जागा होतो. मजकूर चिमूटभर, संकेत मात्र मूठभर, असा हा प्रकार आहे.

या दुर्लक्षाचे फळ जपानमध्ये दिसले. २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियो परिसरात डोकोमो कंपनीची सेवा विस्कळीत झाली आणि सुमारे २५ लाख ग्राहकांना त्याची झळ पोचली. नव्याने बसविलेल्या यंत्रांना स्मार्टफोनचे संकेत पेलले नव्हते. जुलै २०२२ मध्ये केडीडीआय कंपनीच्या जाळ्यात एका मार्गकाच्या कामात चूक झाली आणि थोडा वेळ ध्वनिसेवा खंडित झाली. त्यानंतर असंख्य फोन एकाच वेळी पुन्हा नोंदणी मागू लागले. मूळ चूक मिनिटांची, पण लोंढा ओसरण्यास साठ तासांहून अधिक काळ लागला. तेवढ्यात आपत्कालीन दूरध्वनीही अडले. गेटवेतील एका राखीव कार्डाने ही संकटे टळली असती, असे नव्हे. ती जाळ्याच्या निरनिराळ्या भागांत उद्भवली होती. शिवाय राखीव जागाही कधीतरी भरतेच, आणि मग काही मागण्यांना ‘थोड्या वेळाने या’ असे सांगण्याचे धैर्य यंत्राच्या रचनेत असावे लागते. पण धडा एकच आहे: दार उघडण्याचे काम आणि ओझे वाहण्याचे काम यांची क्षमता निरनिराळी मोजली पाहिजे.

२०१७ साली पूर्ण झालेल्या प्रमाणांनी हा विभाग अधिकृत केला. नियंत्रण एका यंत्राकडे आणि वाहतूक दुसऱ्याकडे देता येऊ लागली. पाचव्या पिढीच्या जाळ्यात तर ही विभागणी मुळातच आहे. आता अनेक गेटवे सामान्य संगणकांवर आज्ञावलीच्या रूपाने चालतात. तेथे कार्ड उरले नाही. त्याऐवजी प्रक्रियकाचे काही गाभे राखून ठेवावे लागतात.

रूप बदलले, तरी तत्त्व तेच राहिले. मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावू पाहणाऱ्या माणसाची मागणी जाळ्याच्या दृष्टीने काही लहान संदेशांचीच असते. शेजारी चित्रपट वाहत असताना ती मागणी ऐकावयास कोणीतरी मोकळे असावे, एवढ्यासाठीच ही राखीव जागा असते. वर्षभर ती रिकामी दिसली, तरी तिला वाया गेलेली म्हणता येणार नाही.