शिक्का कुणाचा, फी कुणाची?



सेंद्रिय कापसाच्या गटात नाव घालून घ्यायला माणसे गावोगाव फिरतात. सर्टिफिकेट मिळेल, क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतील, म्हणतात. सही करण्याआधी आमचे ऐका.

शेतकी कॉलेजातून बाहेर पडल्यावर आम्ही दोन हंगाम अशाच एका कंपनीच्या गटात नोकरी केली. तपासनीस यायच्या आदल्या रात्री शंभर शेतकऱ्यांच्या डायऱ्या एकाच पेनाने भरल्या जायच्या. आम्हीही भरल्या. तपासनीस पाच-सहा वावरे पाहायचा, जेवायचा, जायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या संस्थेची फी कंपनी भरत होती. नापास केले तर पुढच्या साली कंपनी दुसरी संस्था धरणार! मार्केट यार्डातल्या ग्रेडरला व्यापारी पगार देऊ लागला, तर चांगल्या कापसाला फरदड म्हणायला त्याला किती वेळ लागेल?

याचे फळ काय? सेंद्रिय कापडाला शिक्का देणाऱ्या गॉट्स या खासगी संस्थेनेच २०२० साली जाहीर केले, की भारतातल्या २० हजार टन कापसाची सर्टिफिकेटे बनावट निघाली. कागदावरचा कोड तपासला, तर अपेडा या सरकारी संस्थेच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल उघडत होती.

पुढे कापसाचे कपडे होतात, तिथेही हेच. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार आगीत गेले. आग लावलेली होती, असे न्यायालयाने २०२० साली ठरवले. पण दारे बंद आणि खिडक्यांना गज, म्हणून माणसे बाहेर पडू शकली नाहीत. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच इटलीच्या खासगी संस्थेने चांगल्या कारभाराचे सर्टिफिकेट दिले होते.

म्हणून सरकारी इन्स्पेक्टर बरा, असे आम्ही म्हणत नाही. त्याचा अनुभव तुम्हाला आमच्याहून जास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षकाची फी भरली, तर निकाल आधीच लागलेला असतो.

तेव्हा तीन गोष्टी विचारा. सर्टिफिकेट कुणाच्या नावावर? कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनी सोडली की तुमचा कापूस साधा. जादा भाव लेखी आहे काय? माल नापास झाला तर तोटा कुणाचा?

आणि डायरी स्वतः लिहा. खोटे उघडे पडते तेव्हा शिक्का मारणारा परगावी असतो, सही मात्र तुमची असते. कोऱ्या डायरीवर अंगठा उठवू नका.