प्रवासिनीचा पोशाख

पॅरिस शहरात १९१२ साली ल्यूसियँ व्होजेल याने पोशाखांना वाहिलेले ‘गॅझेट द्यु बाँ ताँ’ हे नियतकालिक काढले. महायुद्धातील खंड सोडल्यास ते १९२५ पर्यंत चालले. छायाचित्रणाची कला तेव्हा चांगली रुळली होती. तरीही त्यातील वेष जॉर्ज लपाप, जॉर्ज बार्बिए यांच्यासारखे चित्रकार रेखाटीत. मग प्रत्येक रंगासाठी पत्र्याचा निराळा साचा कापून कारागीर हातांनी रंग भरीत.

प्रवासाचा वेष हा तेथील चित्रकारांचा एक विषय होता. मोटारी त्या काळी बहुधा उघड्या असत. म्हणून धूळ लागू नये यासाठी पायघोळ कोट आणि टोपी उडू नये यासाठी हनुवटीखाली बांधलेले जाळीचे वस्त्र आले. निकड खरी होती. परंतु ते कपडे शिवून घेण्याची ऐपत थोड्याच स्त्रियांना होती.

त्याच सुमारास, निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर भारतीय स्त्रियांचे वेष रंगवीत होते. ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथातील रंगीत चित्रे त्यांचीच. पॅरिसच्या चित्रातील वेष प्रसंग सांगतो. धुरंधरांच्या चित्रातील वेष प्रांत आणि जात सांगतो.

बेळगाव-निपाणी भागातील कष्टकरी स्त्रीला प्रवासाचे वेगळे वस्त्र ठाऊकच नव्हते. नऊवारी लुगडे तेच. बदले ती नेसण्याची रीत. कासोटा घट्ट ओढला, ओचा वर खोवला, पदर कमरेला गुंडाळला, की बाजाराची वाट चालता येई, बैलगाडीत चढता येई, तंबाखूच्या वखारीत दिवसभर कामही करता येई. पैसे कनवटीला, डोक्यावर चुंबळ आणि तीवर बोचके. आपले सामान ती आपणच वाही.

तिची ही युक्ती कोणत्याही शिंप्याने विकली नाही; म्हणून तिची जाहिरात झाली नाही, आणि घडीघडीने ती क्वचितच रेखाटली गेली. शहापूरच्या मागांवर लुगडी विणणारे हात पुष्कळांना आठवतात. नेसणारे हात मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ज्या घरात अजून एखादी आजी लुगडे नेसते, त्या घरातील नातीने कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसावे आणि एकेक घडी उतरवून घ्यावी. रेखा वेडीवाकडी आली तरी चालेल. घडी तेवढी बरोबर यावी.